अपेक्षित उमेदवार

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक ५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाली. कॅलिफोर्नियातील मतमोजणी पुरती आटोपलीही नव्हती, आणि तेवढ्यात २०२८ साली डेमोक्रॅटिक पक्ष कोणाला उभे करील याच्या याद्या छापून येऊ लागल्या. आपण का हरलो हे पक्षाला उमजण्याआधीच पुढच्या वेळी घोड्यावर कोणाला बसवावयाचे, याची चर्चा सुरू! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असे आपल्याकडे म्हणतात. येथे नवरा घरात स्वस्थ बसलेला असतो आणि वऱ्हाडीच त्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधत सुटतात.

२०२५ सालभर या याद्या मी नेमाने वाचल्या. राजकारणाचा अभ्यासक म्हणून नव्हे; तो माझा अधिकार नाही. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि इंग्रजी पुस्तक वाचावयाचे तर कोश हाताशी लागतो. पण मी कादंबऱ्या लिहितो, आणि या लेखनाकडे पाहताना मला प्रथमपासून वाटत आले की हे वृत्त नव्हे, हा एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला ठरीव पात्रे आहेत, ठरीव प्रसंग आहेत, आणि मुख्य म्हणजे वाचकाला ‘पुढे काय?’ या एकाच प्रश्नावर झुलवत ठेवण्याची कादंबरीची जुनी युक्ती आहे. मग त्याची तपासणीही वाङ्मय म्हणूनच का करू नये?

पात्रे पाहा. एका मोठ्या राज्याचा देखणा गव्हर्नर असावा लागतो; २०२५ च्या याद्यांत ती जागा कॅलिफोर्नियाच्या गॅव्हिन न्यूसम यांच्याकडे होती. एक चुरशीच्या राज्यातला, दोन्ही बाजूंची मते खेचणारा गव्हर्नर लागतो. तेथे पेनसिल्व्हेनियाचे जोश शापिरो. मागच्या वेळी पराभूत झालेले एक पात्र लागते, त्याच्या मनात परत यायचे आहे की नाही हे शेवटपर्यंत झाकून ठेवायचे. तेथे कमला हॅरिस. रिपब्लिकन बाजूला, १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे डोनाल्ड ट्रम्प यांना पुन्हा निवडून येता येत नाही, म्हणून वारसाची जागा उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांची आणि वारसाच्या शेजारच्या खुर्चीवर मार्को रुबिओ. प्रसंगही ठरलेले. पात्राने न्यू हॅम्पशरला किंवा साउथ कॅरोलिनाला जाऊन जेवणावळीत भाषण केले की एक प्रकरण संपले. आत्मचरित्र प्रसिद्ध केले की दुसरे. आणि ‘मी सध्या माझ्या कामात गुंतलो आहे’ असे म्हटले, की ते तर सर्वात पक्के प्रमाण! नकाराला होकाराचा पुरावा मानणारे दुसरे वाङ्मय म्हणजे आपली शृंगारिक नाटके.

या प्रकाराला आजचे रूप आले ते थिओडोर व्हाइट यांच्या ‘द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६०’ या पुस्तकाने. ते १९६१ मध्ये निघाले आणि १९६२ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. ते मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा शेवट ठाऊक असूनही हातातून ठेववेना. निवडणुकीच्या दिवसापासून आरंभ करून व्हाइट मागे जातात आणि अध्यक्षपदाचे स्वप्न पाहणारी सात माणसे एकेक करून उभी करतात : केनेडी, हम्फ्री, सिमिंग्टन, जॉन्सन, स्टीव्हन्सन, निक्सन आणि रॉकफेलर. वेस्ट व्हर्जिनिया हे बहुसंख्य प्रॉटेस्टंटांचे गरीब राज्य. तेथे कॅथलिक केनेडींनी मे १९६० मध्ये हम्फ्रींना हरवले, तो भाग कोणाही कादंबरीकाराने हेवा करावा असा उतरला आहे. परंतु पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. सातांपैकी एकाचाच जन्म जणू या कथेसाठी झाला होता. बाकीचे सहा त्याच्या वाटेवरचे मैलाचे दगड. शेवट ठाऊक असलेला निवेदक प्रत्येक पानावर शेवटाची छाया पाडतो. व्हाइट यांच्यापुढे निदान घडून गेलेले तरी होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी ही तऱ्हा उचलली आणि जे घडलेलेच नाही त्याला लावली. १९७२ मध्ये एका हॉटेलच्या खोलीत उमेदवाराभोवती उडालेली बातमीदारांची झुंबड पाहून खुद्द व्हाइटच कसे हताश झाले होते, हे टिमथी क्राउझ यांच्या १९७३ च्या पुस्तकात वाचायला मिळते. लावलेल्या रोपाचे रान झालेले पाहणे लेखकाच्या नशिबी क्वचितच येते. ते यांच्या आले.

या प्रकाराने माणसाचे काय होते ते एडमंड मस्की यांच्या हकिकतीत पाहावे. मेन राज्याचे हे सिनेटर. १९६८ मध्ये हम्फ्रींच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभे होते, हरले, पण शांत आणि भारदस्त माणूस म्हणून लोकांच्या मनात भरले. १९७२ चे उमेदवार तेच, असे सर्वांनी ठरवून टाकले. फेब्रुवारी १९७२ मध्ये न्यू हॅम्पशरच्या मँचेस्टर गावी, आपल्यावर आणि आपल्या पत्नीवर गरळ ओकणाऱ्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर, पडत्या बर्फात उभे राहून त्यांनी भाषण केले. बोलता बोलता गळा दाटला. गालांवरून ओघळले ते अश्रू की वितळलेला बर्फ, याचा वाद पुढे कधीच मिटला नाही. मला तो वाद क्षुद्र वाटतो. बायकोची निंदा ऐकून एखाद्याचे डोळे भरून आले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? पण याद्यांनी मस्की यांचे पात्र ‘खडकासारखा माणूस’ म्हणून रंगवले होते, आणि खडकाला रडण्याची परवानगी नसते.

खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे. ७ मार्चला मतदान झाले. मस्की यांना सुमारे ४६ टक्के मते पडली आणि जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७. म्हणजे मस्की जिंकले. पण शेजारच्या राज्याचा माणूस, निम्म्याहून अधिक मते घेणारच, असे आधीपासून लिहिले-बोलले गेले होते. तेव्हा ४६ हा पराभव ठरला आणि ३७ हा विजय! मस्की मॅकगव्हर्नकडून हरले नाहीत, ते स्वतःविषयीच्या भाकिताकडून हरले. काही आठवड्यांत त्यांची मोहीम बसली आणि उमेदवारी मॅकगव्हर्न यांना मिळाली.

आमच्या शाळेत दहावीची मुले वर्षभर पुस्तकाला शिवत नाहीत. जानेवारी उजाडला की अपेक्षित प्रश्नसंच विकत आणतात आणि त्यातले प्रश्न तेवढे घोकतात. मी त्यांच्यावर रागावतो, पण मनातून मला त्या संचाविषयी एक आदर आहे. तो बिचारा प्रश्नपत्रिका बदलत नाही. संचात काहीही छापले तरी पेपर काढणाऱ्याच्या मनावर त्याचा ओरखडा उठत नाही. उमेदवारांच्या याद्यांची गोष्ट उलटी आहे. येथे अंदाज करणारा अंदाज करता करता पेपरच काढत असतो. यादीत नाव आले की देणगीदार भेटायला येतात, देणगीदार आले की चांगले कारभारी मिळतात, कारभारी मिळाले की नाव यादीत वर चढते. आर्थर हॅडली यांनी १९७६ मध्ये या काळावर एक पुस्तक लिहिले आणि त्याला ‘अदृश्य प्रायमरी’ असे नाव दिले. म्हणजे मागची निवडणूक संपल्यापासून पुढची पहिली प्रायमरी होईपर्यंतची निवडणूक, जिच्यात मतपेटी नसते. नाव फार नेमके आहे.

पूर्वी असे नव्हते काय? होते, पण निराळ्या तऱ्हेने. १८४४ मध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनात पहिल्या सात फेऱ्यांत जेम्स पोक यांना एकही मत नव्हते. नवव्या फेरीत तेच उमेदवार झाले आणि पुढे अध्यक्षही. १९२४ मध्ये न्यू यॉर्कला डेमोक्रॅटिक प्रतिनिधींनी १०३ फेऱ्या केल्या आणि अखेर जॉन डेव्हिस यांच्यावर येऊन थांबले. तेव्हा आधी वर्तवलेले भाकीत अधिवेशनाच्या मंडपात जाऊन फुटे. याचा अर्थ जुनी पद्धत सोज्ज्वळ होती असा मुळीच नव्हे. हॅरी डॉहर्टी यांनी फेब्रुवारी १९२० मध्येच सांगून ठेवले होते की अधिवेशन अडेल आणि मग मध्यरात्रीनंतर दहा-पंधरा थकलेली माणसे एका टेबलाभोवती बसून हार्डिंग यांचे नाव ठरवतील. जूनमध्ये शिकागोला अधिवेशन खरोखरच अडले, ब्लॅकस्टोन हॉटेलात रात्री खलबते झाली आणि दहाव्या फेरीत हार्डिंग निवडले गेले. त्या रात्रीच्या खलबतांनीच निकाल लागला की नाही याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु डॉहर्टी हे ज्योतिषी नव्हते. ते हार्डिंग यांच्या मोहिमेचे सूत्रधार होते, आणि पुढे हार्डिंग सरकारात ॲटर्नी जनरल झाले. भाकीत आणि कट यांत किती अंतर असते ते यावरून पाहावे.

१९६८ मध्ये हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता उमेदवारी मिळवली, शिकागोच्या रस्त्यांवर डोकी फुटली, आणि त्यानंतर नियम बदलून निवड मतदारांच्या हाती देण्यात आली. सुधारणा चांगली. पण निवड हजारो खेड्या-शहरांत पसरली तसा एक नवा मध्यस्थ निर्माण झाला : कोण पुढे आणि कोण मागे हे लोकांना सांगणारा निवेदक. जानेवारी १९७६ मध्ये आयोवात पहिला क्रमांक कोणाचा आला? कोणाचाच नव्हे. ‘अद्याप ठरवले नाही’ म्हणणाऱ्यांचा, सुमारे ३७ टक्के. त्यांच्या खाली जिमी कार्टर, सुमारे २८ टक्के. दुसऱ्या दिवसापासून कार्टर विजेते ठरले. ज्या थोरल्या गटाने प्रामाणिकपणे ‘आम्हाला अजून ठाऊक नाही’ म्हटले, त्याला कथेत जागाच नव्हती. मला तर त्या ३७ टक्क्यांविषयी फार जिव्हाळा वाटतो. कार्टर यांनी १२ डिसेंबर १९७४ रोजी उमेदवारी जाहीर केली तेव्हा जॉर्जियाबाहेर त्यांना ओळखणारे थोडेच होते. याद्यांतही त्यांना स्थान नव्हते. तरी ते निवडून आले, हे याद्यांच्या विरुद्ध सांगता येईल. पण ते निवडून आले ते निवेदकाला आपल्या बाजूला वळवून, हेही सांगावे लागेल.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही फसलेली भाकिते तेवढी निवडून काढता. आक्षेप रास्त आहे. १९९९ मध्ये सर्वांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि अल गोर ही नावे सांगितली आणि २००० मध्ये तीच आली. २०१६ साठी हिलरी क्लिंटन यांचे नाव कित्येक वर्षे आधीच ठरले होते आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. उलट २०१५ मध्ये जेब बुश यांच्या बाजूने पहिल्या सहा महिन्यांत १० कोटी डॉलरांहून अधिक जमले, आणि २० फेब्रुवारी २०१६ रोजी अवघे ४ प्रतिनिधी पदरात घेऊन ते घरी गेले. म्हणजे पैशानेही सर्व काही होत नाही. पण भाकीत खरे ठरले की खोटे, ही कसोटी मला मुळातच मान्य नाही. कादंबरीतील शेवट वाचकाने आधी ओळखला म्हणून ती वाईट ठरत नाही, आणि ओळखला नाही म्हणून चांगलीही नव्हे. विचारावयाचे ते हे, की या लेखनाने कोणाकोणाला कथेबाहेर ठेवले.

१९९१ साल घ्या. आखाती युद्ध जिंकल्यावर थोरल्या बुश यांच्यावर ८९ टक्के लोक प्रसन्न असल्याचे गॅलपच्या पाहणीत दिसले. १९९२ ची निवडणूक संपल्यातच जमा आहे, असे लिहिले गेले, आणि डेमोक्रॅटिक पक्षातील कितीतरी नामवंत घरी बसले. सर्वांच्या नजरा न्यू यॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्वोमो यांच्यावर. ते महिनोन् महिने ‘हो’ म्हणेनात आणि ‘नाही’ही म्हणेनात. २० डिसेंबर १९९१ ही न्यू हॅम्पशरला अर्ज भरण्याची शेवटची तारीख. ऑल्बनीच्या विमानतळावर विमाने सज्ज उभी होती. क्वोमो यांनी सांगितले, राज्याचे अंदाजपत्रक अडले आहे, मी जात नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना हॅम्लेट म्हणून हिणवले. मला मात्र त्या सगळ्या कथेत हा एकच माणूस जिवंत वाटतो. तो द्विधा आहे, हातचे काम सोडवत नाही, आणि लोकांनी लिहून दिलेली भूमिका करायला रंगमंचावर येतच नाही. याद्यांना अशा मनाचे वर्णन करता येत नाही. त्यांच्यापाशी दोनच खाने असतात, ‘उभा राहणार’ आणि ‘उभा राहणार नाही’. आणि ज्यांना ही यादी अर्धी कोरी दिसली त्या बिल क्लिंटन यांनी ऑक्टोबरातच आपले नाव घातले होते.

यादीचे मौन तर बोलण्याहूनही वाईट. २०२३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या यादीत व्यवहारतः एकच नाव होते. जो बायडन यांच्या वयाविषयी घरोघर बोलले जात होते, परंतु पक्षातील कोणी मोठा माणूस त्यांच्याविरुद्ध उभा राहिला नाही, कारण तो प्रश्नच संचात नव्हता. २१ जुलै २०२४ रोजी ते बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांना १०७ दिवस मिळाले. प्रायमरीत ज्यांनी मते दिली होती त्या लक्षावधी लोकांना हे दुसरे नाव निवडण्याची संधी मिळाली नाही. वाचकाने उत्सुकतेने पान उलटावे, एवढेच काम त्यांच्यावर सोपवले गेले होते. नागरिकाचा वाचक होतो, तो असा.

मग याच विषयावर चांगले वाङ्मय होऊ शकत नाही काय? होते. गोर व्हिडाल यांचे ‘द बेस्ट मॅन’ हे नाटक १९६० मध्ये, म्हणजे व्हाइट ज्या निवडणुकीवर लिहीत होते तिच्याच वर्षी, ब्रॉडवेवर आले. अधिवेशनात दोन दावेदार एकमेकांची अंडीपिल्ली बाहेर काढण्याच्या बेतात आहेत आणि उमेदवारी अखेर जवळजवळ अनोळखी अशा तिसऱ्यालाच मिळते. कोण जिंकणार यापेक्षा जिंकण्यासाठी माणूस कोणती गोष्ट करणार नाही, हा प्रश्न त्या नाटकाने धरला. रचना थोडी घट्ट शिवलेली आहे, टाके दिसतात. पण प्रश्न योग्य आहे.

आपल्याशी नाते असलेले एक पुस्तकही येथे आठवते. वेल्स हँगेन या अमेरिकन बातमीदाराने १९६३ मध्ये ‘आफ्टर नेहरू, हू?’ लिहिले. आपल्या देशाची सवय त्याने आपल्याकडे आणली आणि आठ नावे काढली. त्यांत यशवंतराव चव्हाण होते, स. का. पाटील होते. शास्त्री, इंदिरा गांधी आणि मोरारजी हे तिघे पुढे पंतप्रधान झाले, म्हणजे भाकीत म्हणून पुस्तक वाईट नव्हे. पण ते मला आवडते ते प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण दिले म्हणून. संरक्षणमंत्री होऊन नुकतेच दिल्लीला गेलेले यशवंतराव शर्यतीतला घोडा म्हणून न येता कराडकडचा एक माणूस म्हणून येतात. हँगेन १९७० मध्ये कंबोडियात वार्तांकन करताना मारले गेले.

या सर्वांत मी वरचे स्थान देतो ते रिचर्ड बेन क्रेमर यांच्या ‘व्हॉट इट टेक्स’ला. १९८८ च्या निवडणुकीवरचे हे हजाराहून अधिक पानांचे पुस्तक १९९२ मध्ये निघाले. लांबण आहे, उद्गारचिन्हांचा सोस आहे, काही ठिकाणी लेखक पात्राच्या डोक्यात इतका शिरतो की बाहेर पडायचे विसरतो. परंतु सहा माणसे त्यांनी घेतली : बुश, डोल, हार्ट, बायडन, डुकाकिस, गेपहार्ट, आणि निकाल ठाऊक असूनही कोणाला मैलाचा दगड केले नाही. गॅरी हार्ट हे १९८७ च्या प्रत्येक यादीत पहिले होते; एप्रिलमध्ये उमेदवारी जाहीर केली आणि एका बाईच्या प्रकरणावरून ८ मेला माघार घेतली. बायडन यांच्यावर ब्रिटनच्या नील किनॉक यांच्या भाषणातील मजकूर उचलल्याचा आरोप आला आणि सप्टेंबरात तेही गेले. याद्यांच्या दृष्टीने ही दोन पात्रे तेथेच मेली. क्रेमर मात्र त्यांच्याबरोबर घरी जातात, रिकाम्या झालेल्या खोलीत बसतात, फोन येईनासा झाल्यावर माणूस काय करतो ते पाहतात. डोल यांना १९९६ मध्ये उमेदवारी मिळाली. बायडन यांना २०२० मध्ये, आणि जानेवारी २०२१ मध्ये ते अध्यक्ष झाले. पहिल्या माघारीनंतर तेहेतीस वर्षांनी. क्रेमर जानेवारी २०१३ मध्येच वारले होते.

हे पुस्तक मराठीत आणावे असे कोणाच्या मनात आले तर हजार पानांना प्रकाशक मिळणार नाही, काटछाट करावीच लागेल. ती करताना एवढे मात्र पाहावे की उमेदवारी न मिळालेल्या त्या चौघांची प्रकरणे आधी गाळली जाऊ नयेत.